पाऊण इंचाची पिन

२ जुलै. आर्द्रा संपायला तीन-चार दिवस उरलेत.

सकाळी पावणेआठला तिसऱ्या खाचरात चिखलणी चालू असताना टॉप लिंकची, म्हणजे ट्रॅक्टरला रोटाव्हेटर वरून जोडणाऱ्या दांड्याची, पिन पडली. नेमकी कुठे पडली, ते कळलं नाही. बांधाजवळ वळायला लिव्हर ओढला, तर रोटाव्हेटर पुढून उचलला गेला आणि मागची बाजू चिखलातच लोंबत राहिली. वळून पाहिलं, तर टॉप लिंक रोटाव्हेटरच्या कानातून सुटून मोकळी हलत होती. आधी पीटीओ, म्हणजे इंजिनचा जोर अवजाराला पोचवणारा फिरता शाफ्ट, बंद केला, मग रोटाव्हेटर खाली टेकवला, मग इंजिन बंद करून उतरलो. हा क्रम मी कितीही घाईत मोडत नाही. मिनिटाला ५४० फेरे घेणाऱ्या शाफ्टजवळ लुंगीचं टोकसुद्धा जाता कामा नये.

थोडक्यात वाचलं. खालच्या दोन बाह्या अवजाराचं वजन उचलतात, पण उचललेल्या अवजाराला मागे कलंडू न देणारी एकटी टॉप लिंकच. ती सुटली की रोटाव्हेटरचं शेपूट खाली जातं, पुढचा भाग वाकडा होतो आणि शाफ्टचे सांधे भलत्याच कोनात ओढले जातात. तसाच आणखी दोन हात वर उचलला असता, तर आज पिनेऐवजी शाफ्ट शोधत फिरलो असतो.

चूक माझी आहे, ती इथे लिहून ठेवतो. मोठी पिन तिच्या टोकाच्या भोकात बसणाऱ्या लिंच पिनेवर टिकून असते. त्या लिंच पिनेची कडी पंधरा दिवसांपासून सैल झाली होती. स्प्रिंगचा जोर गेला होता, बोटाने उघडली की परत आपटून बसत नव्हती. रोज सकाळी ती हाताने दाबून ‘आज जाईल’ म्हणायचो. दहा-वीस रुपयांची वस्तू. मृगाच्या आधी, कोरड्यात, सगळं ग्रीसिंग केलं, रोटाव्हेटरची पाती बदलली, तेव्हा ही पण बदलायला हवी होती.

चिखलात शोधणं किती कठीण, ते ज्याने शोधलंय त्यालाच कळेल. घोट्याच्या वर गाळ, त्यावर गढूळ पाणी, आणि पिन बोटभर जाडीची. आप्पांनी घरातल्या जुन्या स्पीकरचं चुंबक काढून आणलं, त्याला सुतळी बांधली आणि बांधापासून बांधापर्यंत ओढत राहिले. एक खिळा मिळाला, रोटाव्हेटरच्या जुन्या पात्याचा तुकडा मिळाला, थोड्या वेळाने लिंच पिन मिळाली. मोठी पिन नाही. आप्पांचं वय ७४. पाऊस अंगावर घेत ते वाकून वाकून ओढत होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

ते म्हणाले, “जोताची शिवळ अशीच मोडायची. पन तवा बाभलीची फांदी तोडली, तासली, झाला काम.”

बैलांच्या जुवात मानेच्या दोन्ही बाजूंना घालायची ती लाकडी शिवळ. मी लहानपणी ती तासताना पाहिलंय. बैल गेले त्याला बरीच वर्षं झाली. गोठ्यात आता हा मिनी ट्रॅक्टर उभा असतो. शिळफाट्याच्या या बाजूला आमची खाचरं लहान, बांध अरुंद, मोठा ट्रॅक्टर वळतच नाही. पलीकडे पलावा वसाहतीचे मनोरे दिसतात, अलीकडे भंगाराची गोदामं, आणि मधे आमची ही थोडीशी भातजमीन. ती पिकवायची तर वेळेत पिकवायची.

आणि वेळच नव्हता. राबातलं आवण, म्हणजे लावणीसाठी वाढवलेली रोपं, २३ दिवसांचं झालंय. कर्जत-३ हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं भात, त्याचं रोप राबात जास्त दिवस राहिलं की पुढे फुटवे कमी येतात. उद्या सकाळी सातला लावणीला सहा बाया येणार आहेत. त्यांना आज नको, परवा या, असं सांगता येत नाही. परवा त्या दुसऱ्याच्या खाचरात असतात.

टॉप लिंकच्या ट्रॅक्टरकडच्या टोकाला तशीच दुसरी पिन असते. ती काढून नमुना म्हणून खिशात टाकली आणि बाईक काढली. शिळफाट्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे १८ मिलिमीटरचा बोल्ट होता, तो ढिला. २० चा कानात जाणारच नाही. तो म्हणाला, “१८ चा घेऊन जा दादा, नट आवळा, आजचा दिवस निघेल.” भल्यासाठीच सांगत होता. घेतला नाही. बोल्टाच्या आट्यांवर भार आला की ते आटे कानसीसारखं भोक खातात. वर एक मिलिमीटरची ढिलाई, म्हणजे प्रत्येक धक्क्याला ठोका. चार दिवसांत गोल भोक लांबट होतं, आणि मग योग्य मापाची पिनही त्यात खडखडत राहते. पिन बदलता येते. कान बदलायचा म्हणजे वेल्डिंग.

कल्याणच्या एका स्पेअरवाल्याला फोन केला. त्याच्याकडे मोठ्या ट्रॅक्टरची, एक इंचाची होती. आपली कॅटेगरी एकची, म्हणजे लहान ट्रॅक्टरच्या मापाची: वर १९ मिलिमीटर, खालच्या बाह्यांना २२. मिलिमीटरमध्ये सांगतो खरे, पण मूळ मापं पाऊण इंच आणि पाऊण इंचावर एक दोरा, म्हणजे सात अष्टमांश. तीन ठिकाणी अवजार जोडायची ही पद्धत हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयर्लंडच्या माणसाने रुजवली. १९३९ मध्ये फोर्डचा ट्रॅक्टर ती घेऊन बाजारात आला. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो. त्याआधी बरीच अवजारं ट्रॅक्टरच्या मागे नुसती ओढली जायची. अवजार अडकलं की ट्रॅक्टरचं तोंड वर उठून तो चालवणाऱ्यावर उलटायचा.

शेवटी महापेवरून रबाळे एमआयडीसी गाठली. एका गाळ्यात लेथ चालू दिसला. मिस्त्रींनी नमुन्याला व्हर्नियर लावला, माझ्या चिखलाने भरलेल्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, “लावणी चालू आहे का? आमच्याकडे मुरबाडला कालच झाली.” मग हातातलं काम बाजूला ठेवलं. ईएन-८ पोलादाचा रॉड कापला, १९ ला उतरवला, टोकाला उतार दिला, म्हणजे आत घालताना अडकू नये. नमुन्याबरहुकूम अंतर मोजून लिंच पिनेसाठी १२ चं आरपार भोक पाडलं. भोकाच्या कडेचा भुरा त्यांनी स्वतः कानसीने काढला. “हा राहिला तर कडी नीट बसत नाही,” म्हणाले. साडेतीनशे रुपये घेतले. नव्या लिंच पिना शेजारच्या जेसीबीच्या स्पेअरवाल्याकडे मिळाल्या, त्या सहा घेतल्या. कडी ओढून सोडली की ‘टक्’ आवाज येतो. दुकानात उभा राहून सहाही वाजवून पाहिल्या.

परत यायला दीड वाजला. कल्याण-शीळ रस्त्याबद्दल काही लिहीत नाही.

पिन हाताने घातली, न ठोकता आत गेली, न हलता बसली. आप्पांनी दोनदा हलवून पाहिली. मग सायकलच्या जुन्या साखळीचा वीतभर तुकडा पिनेच्या मुंडीला आणि टॉप लिंकला अडकवला. आता सुटली तरी चिखलात न जाता लोंबत राहील. खालच्या बाह्यांच्या लिंच पिनाही बदलल्या, त्या धड होत्या तरीही. सव्वाचारला तिसरं खाचर संपलं, सहाला चौथं. रोटाव्हेटरची घरघर एकसारखी चालली होती, मधे ठोका नाही.

एक काळजी राहिलीच. जुनी पिन अजून तिसऱ्या खाचरात आहे. रोटाव्हेटर तिच्यावरून गेला असेल तर कुठे ढकलली गेली असेल, सांगता येत नाही. तिच्या टोकाला धार नाही, पण लावणीला बाया अनवाणी उतरतात आणि मागे सरकत चालतात, पाय ठेवायची जागा त्यांना दिसत नाही. संध्याकाळी त्यांच्यातल्या काकींच्या घरी जाऊन सांगून आलो, की पायाखाली लोखंड लागलं तर तिथेच थांबा, हाक मारा, मी काढतो. काकी म्हणाल्या, “लागली त आनून देऊ, त्यात काय!”

चुंबक सुतळीसकट बादलीत घालून बांधावर ठेवलंय. उद्या साडेसहालाच जाऊन पुन्हा एकदा ओढून बघणार.