पद्मिनीचं काम: आधी पत्रा, मग ब्रेक, रंग सगळ्यात शेवटी

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून आणि १९७४ पासून पद्मिनी म्हणून काढलेली ही गाडी आजही घरच्या हत्यारांनी बरीचशी खोलता येते. १०८९ सीसीचं इंजिन, एक कार्ब्युरेटर, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे पाटे (लीफ स्प्रिंग). पण मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली आणि तिच्या जिवावर चालणारा पार्टचा बाजारही आटत चालला. म्हणून जुनी पद्मिनी नव्याने उभी करायची असेल तर ती खोलण्याआधी ऑपेरा हाउस, कुर्ल्याचं भंगार, पुण्यात नाना पेठ अशी एक फेरी मारून ब्रेकची रबरं, वॉटर पंप किट, हेड गॅस्केट आणि दारांची रबरं आधी ताब्यात घ्या. पिस्टन तर हातात आल्याशिवाय इंजिनाचा ब्लॉक बोअरिंगला, म्हणजे सिलेंडर आतून रुंद करायला, टाकूच नका. टर्नरने (लेथवाल्याने) प्रत्येक पिस्टन मोजून त्या मापाने बोअर करायचा असतो, डब्यावरचा आकडा बघून नाही.

खरी गाडी म्हणजे तिचा पत्रा. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते. त्यामुळे दाराखालच्या पोकळ पेट्या आणि फ्लोअर सडलेले असतील तर इंजिन कितीही गोड वाजो, गाडी कमकुवतच. तपासताना कार्पेट आणि डांबरी शीट पूर्ण काढा. स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकत जा, आवाज बद्द आला की तिथे टोक दाबून बघा. पुढच्या काचेखालचा भाग, बॅटरीची बैठक, दारांचा तळ, डिकीत स्टेपनीचा खड्डा आणि मागच्या पाट्यांचे हँगर जिथे बसतात त्या जागा हमखास खाल्लेल्या असतात. दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोकं बुजली की पाणी आत साचून पत्रा आतून सडतो, बाहेर फुगा दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. एक लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून पूर्ण बॉडीवर फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (भरायची पुट्टी) आहे.

दोन्ही बाजूंच्या पेट्या एकदम कापायच्या नाहीत. आधी गाडी सपाट टेकवा, दाराच्या चौकटीत आडवा आणि तिरका पाइप टाचून घ्या, मग एक बाजू पूर्ण करून दुसरीला हात लावा. हे न करता कापलं की बॉडी मधून बसते आणि दारं पुन्हा कधीच नीट लागत नाहीत. फ्लोअर आणि पेटीला १८ गेजचा पत्रा, बाहेरच्या पॅनेलला २० गेज. वेल्डिंग मिगचं, ०.८ मिमी तारेने, एका जागी सेंटीमीटरभर टाका मारून लांब उडी घ्यायची आणि पहिला टाका हाताला गार लागल्यावर परत यायचं. सलग वेल्ड मारलं तर पत्रा ताणून लाटा उठतात, आणि त्या लपवायला लांबीचे थर चढतात. डेंटर (पत्र्याचा कारागीर) गॅस वेल्डिंगवर काम करायचा आग्रह धरत असेल तर मोठ्या सपाट पॅनेलसाठी नाही म्हणा.

उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर बसला पाहिजे. मुंबई-कोकणच्या दमट हवेत एका रात्रीत पत्रा लाल होतो. लांबी इपॉक्सीच्या वर भरायची, उघड्या पत्र्यावर नाही, कारण लांबी पाणी शोषते आणि खालून गंज सुरू होतो. दोन-तीन मिमीपेक्षा जाड थर लागत असेल तर पुन्हा हातोडी घ्या. पेट्यांच्या पोकळीत शेवटी कॅव्हिटी वॅक्स मारा, पाण्याची भोकं मात्र मोकळी ठेवा. आणि जून ते सप्टेंबर रंगकाम टाळाच. आर्द्रतेने रंगावर पांढुरकी झाक येते, ती पॉलिशने पूर्ण जात नाही.

ब्रेकवर काटकसर नको. जुन्या पद्मिनीत ब्रेकचं सर्किट एकच, म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. सगळे स्टीलचे पाइप आणि तिन्ही लवचीक होज बदला, नुसते बरे दिसतात म्हणून ठेवू नका. होज आतून फुगला की ब्रेक लागतो पण सुटत नाही, आणि लोक उगाच व्हील सिलेंडर बदलत बसतात. सिलेंडरमध्ये नखाला लागेल एवढा खड्डा असेल तर होनिंगने, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करून, भागत नाही, स्टेनलेस स्लीव्ह बसवा किंवा नवा घ्या. पाइपाचं तोंड फुलवताना जुन्या पाइपाच्या तोंडासारखंच फुलवा, आकार चुकला की कितीही आवळलं तरी पाझरतं. ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं, कारण ते हवेतलं पाणी ओढतं.

पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवायची हौस अनेकांना असते. नुसता कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) लटकवून ते काम होत नाही. ड्रमच्या मास्टर सिलेंडरमध्ये लाइनमध्ये थोडा दाब शिल्लक ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर डिस्कचे पॅड सतत घासतात, चाक तापतं. शिवाय कॅलिपरला जास्त ऑइल लागतं, म्हणून मास्टर सिलेंडरचं माप बदलतं, आणि पुढचे ब्रेक तगडे झाले की मागचे किती धरायचे तेही ठरवावं लागतं. हे सगळं करणार नसाल तर नीट जमवलेले ड्रमच चांगले.

इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं. साधं नळाचं पाणी घातलं की हेडच्या पाण्याच्या वाटा कुरतडल्या जातात, म्हणून कूलंटच घाला. गरम इंजिनचं हेड उघडू नका, ते वाकतं. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणं हा उपाय नाही, रेडिएटरचा गाभा साफ करून घ्या. बिनशिशाच्या पेट्रोलची धास्ती नको, अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीट वेगळ्या कडक धातूच्याच ठोकलेल्या असतात.

आता खरी अडचण इथेनॉलची. ई२० (वीस टक्के इथेनॉलचं) पेट्रोल टाकीतला जुना मळ सोडवून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक भोकात) नेतं आणि जुनी रबरं मऊ करतं. टाकी उतरवून लिटरला पन्नास ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात रात्रभर ठेवा, सोड्याने धुवा, पूर्ण वाळवा. सगळे होज आणि पंपाचा डायफ्राम इथेनॉलला टिकणारे घ्या. त्यानंतरही प्लग पांढरे पडत असतील आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडी दचकत असेल, तर मेन जेट एक नंबर मोठा. जुन्या जेटला ड्रिल लावू नका.

वायरिंगमधला सगळ्यात स्वस्त आणि उपयोगी बदल म्हणजे हेडलाइटला दोन रिले, म्हणजे कमी करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच. जुन्या स्विचमधून दोन्ही दिव्यांचा दहा अँपिअर करंट जाताना व्होल्टेज पडतं, आणि व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड साधारण तीस टक्के पडतो. बॅटरीपासून फ्यूजमार्गे अडीच चौरस मिमीची वायर आणली की त्याच बल्बचा उजेड बदलतो. डायनॅमोच्या जागी मारुती ८०० चा अल्टरनेटर बसतो. पट्ट्याची रेषा जुळवा, डायनॅमोचा जुना कटआउट (चार्जिंग सांभाळणारा डबा) काढा, बॅटरीपर्यंतची वायर जाड घ्या. सीट बेल्ट लावताना बोल्ट नुसत्या पत्र्यात नको, मागून ३ मिमीची प्लेट हवी.

बाकी बदल करण्याआधी कागद बघा. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. फी २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची, पण ती रोजच्या वापराला चालत नाही. बॉडी किंवा इंजिन मूळचं राहिलं नाही तर ती वाट बंद. साध्या नोंदणीतही इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते. म्हणून ग्राइंडर चालवण्याआधी चासी आणि इंजिन क्रमांकांवर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्या, फोटो काढा, आणि प्रायमर मारताना त्या दोन्ही जागा टेप लावून झाका.