उसनं पाणी

२०१६चा एप्रिल. मांजरा धरण कोरडं पडलेलं, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येऊ लागलेलं आणि औसा तालुक्यातल्या आमच्या गावात टँकर दिवसाआड. शाळा सकाळची. परिपाठ उरकला की ऊन तापायच्या आत जेवढं होईल तेवढं शिकवून घ्यायचं.

माझ्याकडं पहिलीचा वर्ग होता. शिक्षण परिषदेत ठरलं होतं की प्रत्येकानं आपल्या मुलांची, मुलं विचार कसा करतात हे अभ्यासणाऱ्या स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजेची पाण्याची चाचणी घ्यायची आणि तक्ता भरून आणायचा. डी.एड.ला पियाजे म्हणजे मुलाच्या विचाराच्या वाढीच्या चार अवस्था आणि परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. संवेदन-कारक, पूर्वक्रियात्मक, मूर्त क्रियात्मक, औपचारिक क्रियात्मक ही माळ मला झोपेतून उठवलं तरी म्हणता यायची. दोन ते सात वर्षांचं मूल दुसऱ्या अवस्थेत असतं, भांडं बदललं तरी पाणी तेवढंच राहतं हे त्याला कळत नाही, हेही पाठ. पण नोकरीच्या नऊ वर्षांत एकाही पोरासमोर मी पाणी ओतून पाहिलेलं नव्हतं.

घरून काचेचे दोन सारखे ग्लास आणि एक उंच, अरुंद बरणी नेली. पाणी वर्गातल्या रांजणातलंच. मी ओतायला लागलो तशी सगळी पोरं उठून टेबलाभोवती. प्रयोगाचं कुणाला काही नव्हतं, त्यांचा जीव पाण्यात. "सर, सांडलालंय!" दोन थेंब टेबलावर पडले तर एकानं बोटानं निपटून डोळ्याला लावले.

एकेकाला बोलवून विचारत होतो. दोन वेण्यांची, सहा वर्षांची एक मुलगी आली. दोन्ही ग्लास सारखे भरले.

"दोन्हीत पाणी सारखंच आहे ना?"

"व्हय."

एका ग्लासातलं पाणी तिच्यादेखत बरणीत ओतलं. "आता सांग, सारखंच आहे का?"

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग बरणीवर बोट ठेवलं. "ह्यात जास्त."

तक्त्यात तिच्या नावापुढं फुली मारली. पुस्तकात लिहिल्याबरहुकूम घडलं म्हणून मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

नऊच्या सुमाराला टँकरचा हॉर्न वाजला. त्या दिवसांत हॉर्न वाजला की शाळा सुटल्यातच जमा, कारण घरातलं प्रत्येक माणूस विहिरीवर लागायचं. टँकर विहिरीत रिकामा करायचे आणि मग काठावर पोहऱ्यांची झुंबड. मीही गेलो. पोरं आत पडू नयेत म्हणून तिथं एक माणूस उभा लागायचाच.

माझ्या मागंच दोन वेण्यांची पोरगी तिच्या आजीबरोबर होती, हातात गोडेतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन. आदल्या दिवशी शेजारणीनं त्यांच्याकडून एक कॅन पाणी उसनं नेलं होतं. तेव्हा साखरेसारखं पाणीही उसनं चालायचं आणि फेडलंही जायचं. शेजारीण ते परत द्यायला आली ती पसरट पातेल्यात घेऊन. पातेलं काही भरलेलं नव्हतं. आजीनं आत डोकावून तोंड वाकडं केलं. "एवढंच व्हय गं? म्या तर गळ्यापतोर दिलतं."

शेजारीण तोंड उघडायच्या आत पोरगी म्हणाली, "आज्जे, तेवढंच हाय की. पातेलं पसरट हाय म्हून कमी दिसलालंय. कॅनमधी वतून बघ पायजे तर."

आजीनं खरंच ओतलं. गळ्यापतोर भरलं.

मी दोर धरून तसाच उभा. भांडं रुंद झालं म्हणून पातळी खाली आली आणि पाणी परत ओतलं की पहिल्यासारखं होतं, ही दोन्ही कारणं तिनं एका दमात सांगितली होती. मूल ही कारणं देऊ लागलं की त्याला कळलं असं समजायचं, हे खुद्द पियाजेचं म्हणणं. आणि तासाभरापूर्वी मी तिला फुली दिली होती.

पोरं परत आल्यावर तिला जवळ बोलावलं. "बाळा, मघाशी बरणीत जास्त आहे असं का सांगितलंस?"

तिनं खाली मान घातली. "तुमी पैल्यांदा इचारलं, म्या सारखं म्हणलं. परत तेच इचारलं. मंग म्हणलं, माझं चुकलं."

आमच्या वर्गात तेच तर चालतं. उत्तर बरोबर असेल तर सर पुढं जातात, चुकलं असेल तर परत विचारतात. हे तिला मीच शिकवलं होतं.

हे पुढं वाचनात आलं तेव्हा कळलं की १९७४ सालीच सुझन रोझ आणि मॅरियन ब्लँक यांनी नेमकं हेच तपासलं होतं. प्रश्न फक्त ओतल्यानंतर, एकदाच विचारला तर मुलं कमी चुकतात. मेक्सिकोतल्या कुंभारांच्या मुलांचाही एक अभ्यास आहे, १९६९चा. चिखलात हात घालणाऱ्या त्या पोरांना मातीचा आकार बदलला तरी माती तेवढीच राहते हे इतरांपेक्षा चांगलं कळत होतं. आमच्या पोरांचा चिखल म्हणजे टँकरचं पाणी.

पण म्हणून पियाजे खोटा पडला असं मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एकदाच विचारलं, तरी बरीच पोरं ठामपणे बरणीकडंच बोट दाखवत होती. "उच्च हाय ना!" चूक माझी होती, मी 'का' विचारलंच नव्हतं. १९२०च्या सुमाराला पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धिचाचण्यांचं काम करताना पियाजेला बरोबर उत्तरांपेक्षा चुकलेलीच जास्त खुणावू लागली, तिथून त्याचं सगळं सुरू झालं. आणि त्याच्या नावाच्या चाचणीत मी चुकलेल्या उत्तराला फुली मारून पुढचं नाव पुकारलं होतं.

परिषदेला तक्ता नेला तेव्हा तिच्या फुलीशेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'प्रश्न चुकला'. केंद्रप्रमुखांनी चष्मा वर केला. "सर, असा रकाना नाही ह्यात. बरोबर का चूक तेवढं सांगा."

मी विहिरीवरचं सगळं सांगितलं. पातेल्यापाशी आल्यावर ते हसले. त्यांच्या घरीही त्या आठवड्यात उसनं पाणी चालू होतं. मग त्यांनीच पेन काढलं, फुलीची एक काडी खोडून टाकली आणि उरलेलीला खाली बारकी शेपटी काढून बरोबरची खूण केली.