तुम्ही विचारलंत म्हणून: होलार्किया आता कुठल्या कुळात?

होलार्किया ही इवल्याशा कोळ्यांची प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट, genus). तिचं कुळ विचारताना लोक आधीच हसत असतात, 'तुम्ही सारखं बदलता' म्हणून. सरळ उत्तर हवं असेल तर अ‍ॅनापिडी. २०१७ पासून. वर्ल्ड स्पायडर कॅटलॉगमध्येही तेच आहे. एवढ्यावर भागत असेल त्यांनी इथेच थांबावं.

दोन मिलिमीटरही न भरणारा हा कोळी. जाती दोनच, एक न्यूझीलंडची, एक टास्मानियाची. डोकं उंच आणि जबडे लांबलचक, म्हणून न्यूझीलंडचे कोळी-अभ्यासक रे फॉर्स्टर यांनी १९४९ मध्ये न्यूझीलंडची जाती 'आर्किया'त घातली. ही प्रजाती मुळात बाल्टिक अंबरातल्या (गोठून दगड झालेल्या राळेतल्या) जीवाश्मांवरून मांडलेली. १९५५ मध्ये फॉर्स्टर यांनीच होलार्किया वेगळी काढली आणि १९८४ मध्ये कोळी-अभ्यासक प्लॅटनिक यांच्यासोबत तिला होलार्किडी हे स्वतंत्र कुळ दिलं. तेव्हा 'सारखं बदलता' हा आरोप करायचा तर १९४९ पासून करा, एकट्या माझ्यावर नको.

मला हा प्रश्न झोंबतो त्याला कारण एक मुलाखत. होलार्किडी हे कुळ नुकतंच रद्द झालं होतं. माझ्या अर्जाला जबड्यांची चित्रं जोडलेली होती. हा प्राणी अल्कोहोलमध्ये स्थिर राहत नाही. बशीत बारीक वाळू पसरून त्यात त्याला टेकवावं लागतं, आणि नेमका हवा तो कोन सापडला की वाळूचा एखादा कण सरकतो. मग पुन्हा पहिल्यापासून. समितीतल्या ज्येष्ठांनी ती पानं न बघताच उलटली आणि म्हणाले, "बाई, तुमचं तर कुळच बुडालं! आता तुम्ही कशाच्या तज्ज्ञ?" सगळे हसले. मीही हसले. त्यांच्या हसण्यापेक्षा माझ्या हसण्याचा राग मला जास्त आहे. उत्तर तोंडाशी होतं, पण पुढचा प्रश्न आला तो रुजू कधी होणार हा. ती जागा मला मिळाली नाही, हे सांगायला नकोच.

ते उत्तर आता देते. होलार्किडी ज्यात घातलं होतं तो १९८४ चा पाल्पिमनॉयडिया हा अनेक कुळांचा मोठा गट जबड्यांवरच्या खुंटीसारख्या दातांवर (ते खरे दात नव्हेत, बदललेले केस) आणि ग्रंथीच्या उंचवट्यावर उभा होता. २००० मध्ये कोळी-अभ्यासक श्युट यांनी त्यावर शंका घेतली, पुढे जनुकांनीही तो गट फोडला. म्हणजे तसे जबडे एकाहून अधिक वेळा घडले असणार. आणि एकाच प्रजातीचं कुळ म्हणजे तरी काय? हा कुणाचा नातलग, हे न सांगण्याची सोय. ती सोय गेली, तर बुडालं काय?

पण खरं सांगू? त्या कुळाचा मला अभिमान होता. जगात दोनच जाती, आणि त्यांच्यासाठी अख्खं कुळ! तेव्हाची मी म्हणायची, इतकं वेगळं तोंड असलेला प्राणी अ‍ॅनापिडीत बसेलच कसा? ती चुकीची होती असं मी अजून म्हणत नाही. २०१७ चा निकाल मोजक्या जनुकांवरचा आहे. तो मी मानते, पण ते जबडे कुठून आले हे त्यात नाही. अ‍ॅनापिडीच्या आत याचा सख्खा भाऊ कोण, हे विचारा की कधीतरी. तिथे माझं आणि माझंच पटत नाही.