बोअर कुठं घ्यायचा?

परभणीजवळ दोन एकरांत गोडाउन व्हायचं होतं. चार कोपऱ्यांत चार आणि मधोमध एक, असे माती तपासायला नमुने काढायचे पाच बोअर मी ऑफिसात बसूनच नकाशावर ठरवून टाकले होते. मे महिन्यात साइटवर गेलो तर शेजारचे काका बाभळीखाली बसलेले. नकाशा बघून म्हणाले, "साहेब, ह्यातले तीन खुट्टे मुरमाडातच आले की. काळी सगळी खाली, ओढ्याकडं."

वरच्या बांधापाशी पहार मारली, दीड फुटावर खणकन वाजली. शंभरेक पावलं खाली उतरलो, तिथं काकांनी हातातली काठी भेगेत सोडली. मुठीपर्यंत आत गेली.

आपला काळा दगड झिजून झालेली ही माती. चढावरची पावसानं धुपते, सखलात साचते. तिच्यातलं माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज पाणी पिऊन फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. थराची जाडी उताराप्रमाणं बदलते, माझ्या चौकटीला कोण विचारतो!

मालक सहावा बोअर देईनात. मग पाचच हलवले: वर एक, उताराच्या रेषेत तीन आणि पाचवा चौथ्यापासून फक्त तीन मीटरवर. मालक चिडले, "एकाच जागेचे दोनदा पैसे?" म्हटलं, शेजारच्या दोन नमुन्यांतच किती फरक पडतो ते आधी कळू द्या, मग लांबच्या फरकाचं बोलू. वरच्या साडेतीन मीटरांत दर अर्ध्या मीटरला नमुना घेतला. ऋतूगणिक फुगणं-आकसणं तिथंच जास्त.

लॅबमध्ये प्रत्येक नमुन्याला 100 मिलीची दोन मापपात्रं. 425 मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली, ओव्हनमध्ये सुकवलेली 10-10 ग्रॅम माती. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. रॉकेलात ती फुगत नाही, म्हणून तुलना त्याच्याशी. दुसऱ्या दिवशी रॉकेलातली माती सगळीकडे 10 मिलीच्या आसपास. पाण्यात मात्र वरच्या बोअरची 12, चौथ्या बोअरची 21, आणि तीन मीटरवरच्या पाचव्याची, त्याच खोलीची, 18. म्हणजे फुगवटा 20, 110 आणि 80 टक्के. शेवटच्या दोन आकड्यांवर विश्वास बसेना, म्हणून चाचणी पुन्हा लावली. तेच आले.

मालकांना मापपात्रंच दाखवली. बराच वेळ बघत राहिले. मग नकाशावर ओढ्याच्या बाजूला काढलेलं वॉचमनचं बाथरूम पेननं खोडलं आणि वर मुरमाकडं काढलं. सहाव्या बोअरचं विचारलं तर "बघू" म्हणाले.