गढूळ पाण्यात १.४एक्सच

आज पाण्याखाली फोटो काढायचे, तर मालवणचं पाणी गढूळ, त्यात लाटांचा हेलकावा. अशा दिवशी १०० एमएम मॅक्रो (बारीक गोष्टी जवळून टिपणाऱ्या) लेन्समागे १.४एक्स टेलिकन्व्हर्टरच, म्हणजे प्रतिमा १.४ पट मोठी करणारी जोडलेन्सच, लावावा. प्रकाश एकच स्टॉप, म्हणजे निम्मा, जातो. २एक्सने दोन जातात आणि ऑटोफोकस नुसता पुढेमागे धावत राहतो. २एक्सचा मोह खरा आहे: नखाएवढा न्यूडिब्रँक (बिनशिंपल्याची रंगीत समुद्री गोगलगाय) फ्रेमभर येतो, तोही आणखी जवळ न जाता! पण डेप्थसाठी, म्हणजे पुढचं-मागचं सगळं स्पष्ट यावं म्हणून, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) फार बंद केलं की डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) त्याच्या शिंगावरच्या बारीक चुण्या पुसट होतात. पोर्टला, म्हणजे कॅमेऱ्याच्या पाणीबंद पेटीच्या लेन्ससमोरच्या काचेच्या भागाला, कन्व्हर्टरच्या जाडीइतकी एक्स्टेन्शन रिंग हवीच, नाहीतर लेन्सचं तोंड काचेला टेकतं. रिंग वाढली की ओ-रिंगही (पाणी अडवणारं रबरी कडं) वाढली. तिच्यावर केस, वाळूचा कण नाही ना, बोट फिरवून बघाच. आणि हो, पोर्टवर बाहेरून लावायच्या वेट लेन्ससारखा कन्व्हर्टर पाण्यात काढता येत नाही.