ग्रीनहाऊस नाही, खिडकीची ग्रील आहे (माझा अनुभव)

लाकडाच्या तुकड्यावर बांधून वाढवायचं मिनिएचर ऑर्किड म्हटलं की परदेशी व्हिडिओत काचेचं कपाट, ह्युमिडिफायर, लाइट असला सगळा थाट दिसतो, आणि आपल्या वन बीएचकेत ते ठेवायचं कुठे? पण ती मंडळी थंडीशी भांडत असतात. मुंबईत ऊब आणि दमटपणा फुकट, इथे खरी मारामारी खेळत्या वाऱ्याची. झाड सांभाळता सांभाळता हे मला पक्कं पटलंय.

मी घेतलं शोनॉर्किस फ्रेग्रन्स. आसामपासून म्यानमार, थायलंड, व्हिएतनामपर्यंत होतं, म्हणजे उकाड्याला सरावलेलं. अख्खं झाड तळहातावर मावतं, पानं जाडजूड. थंड डोंगरातली मिनिएचर्स दिसायला भारी असतात पण मुंबईतल्या मे महिन्याच्या रात्री त्यांना झेपत नाहीत, सो मोह आवरा. आणि नर्सरीत वाढवलेलंच घ्या, ट्रेकला जाऊन झाडावरून ओरबाडून आणू नका प्लीज.

कॉर्कची साल महाग, म्हणून सुताराकडून पॉलिश न मारलेला सागाचा तुकडा आणला. आंब्याची साल फुकट मिळते पण पावसाळ्यात भुसभुशीत होते, आणि मुळं एकदा हलली की झाड रुसलंच. मुळांखाली चिमूटभर स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळकं शेवाळ), वरून तंगुसाने (मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने) बांधलं, झाड जरा खाली झुकतं ठेवून, म्हणजे पानांच्या बेचक्यात पाणी साचत नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे बांडगूळ कशाला टांगलंस?" म्हटलं, आई, बांडगूळ झाडाचा रस पितं, हे नुसतं बसतं, खातं-पितं पावसाचं.

जागा ठरवताना मात्र डोकं चालवावं लागलं. उत्तरेची खिडकी म्हणजे सावली असं आपण धरून चालतो, पण मुंबई 19 अंश उत्तर अक्षांशावर, त्यामुळे साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, पाऊस येईपर्यंत त्या खिडकीतही ऊन येतं. मी पूर्वेच्या ग्रीलला टांगलं, सकाळचं कोवळं ऊन मिळतं, मेमध्ये वर हिरवी शेडनेट. कबुतरांची जाळी आधीच होती, नसेल तर आधी ती लावा, बाकी सगळं नंतर.

पाण्याचं मुळांकडे बघून कळतं. सुकली की चंदेरी, भिजली की हिरवी, कारण वरचं स्पंजसारखं आवरण पाणी पितं आणि आतला हिरवा रंग दिसायला लागतो. रोज सकाळी भिजवायचं, उन्हाळ्यात चारच्या सुमारास परत एकदा, रात्रीपर्यंत पानं कोरडी झाली पाहिजेत. महापालिकेचं पाणी तलावांचं, क्षार कमी, सरळ नळाचं चालतं, बोअरिंगचं नको. खत 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं), लिटरला पाव ग्रॅम, आठवड्यातून एकदा, जास्त दिलं तर मुळांची टोकं काळी पडतात.

आणि पावसाळा! सगळे मेला घाबरतात, मी जुलैला. हवा इतकी ओली की मॉस सुकायचं नावच घेत नाही, मग झाडाचा गाभा कुजतो आणि पानं टपाटपा गळतात. म्हणून मॉस जवळजवळ काढूनच टाकलं, छज्जाखाली सरकवलं, झड लागली की पाणी बंद आणि घरातला टेबल फॅन त्या दिशेला तोंड करून स्लोवर, ह्यांनी लाइट बिलावरून एकदा विचारलं, मी ऐकलं नाही. रात्री टॉर्च मारून बघायचं, बारीक गोगलगायी मुळांची कोवळी टोकं खातात, हाताने उचलून टाकल्या.

फुलं पावसाच्या तोंडावर आली, तांदळाच्या दाण्याएवढी, गुलाबी-जांभळट, नाक जवळ नेलं तर गोडसर वास. नवीन मुळांनी लाकूड धरलं होतं म्हणून तंगूस तेव्हाच कापून टाकलं. आता शेजारच्या ताईंनाही एक हवंय, पण त्यांची खिडकी डक्टमध्ये उघडते, तिथे वारा शून्य, त्यांना म्हटलं आधी पंख्याचं बघा मग झाड मागवू.