आधारवर माझं नाव परत येईपर्यंत

कोकणातल्या आम्हा मुसलमानांत मुकादम, खोत, चौगुले, काझी अशी आडनावं घरोघर आहेत. माझं माहेरचं आडनाव त्यातलंच एक. निकाहच्या दिवशी वकील (म्हणजे वधूची संमती विचारणारा तिचा प्रतिनिधी) आणि दोन साक्षीदार माझ्या खोलीत आले, अब्बांच्या नावासकट माझं नाव घेतलं, मेहेरची, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची, रक्कम सांगितली आणि विचारलं, "कबूल आहे?" निकाहनाम्यावर मी त्याच नावाने सही केली. सासूबाई तर म्हणाल्या, "बापाचं नाव कशाला सोडायचं?" पैगंबरांच्या पत्नी असूनही हज़रत आयशा शेवटपर्यंत बिन्त अबी बक्र, म्हणजे अबू बक्र यांची मुलगी, राहिल्या, हज़रत हफ़्सा बिन्त उमर. कुरआनातल्या सूरह अहज़ाबची ५वी आयत दत्तक मुलांना त्यांच्या खऱ्या बापाच्या नावाने हाक मारायला सांगते, आणि वंश झाकू नये हे उलेमा (धर्मपंडित) तिथूनच समजावतात. वंश बदलण्याचा हेतू नसेल तर नवऱ्याचं आडनाव लावलं तरी हरकत नाही, असं सांगणारे आलिमही आहेत. माझ्या चुलतबहिणींनी लावलंय. मला लावायचं नव्हतं.

लग्नाची नोंदणी ९० दिवसांच्या आत, विनात्रास झाली. घोडं अडलं ते आधारवर.

मुंब्र्याला राहायला आल्यावर मला फक्त पत्ता बदलायचा होता. केंद्रातल्या मुलाने लग्नाचा दाखला पाहिला, "लग्न झालंय ना ताई?" विचारलं आणि टाइप करत सुटला. मागे रांग होती. पोचपावती मी न वाचताच घडी करून पर्समध्ये टाकली. ती आधी वाचा, कितीही घाई असू दे! पंधरा दिवसांनी आधार डाउनलोड केलं तर माझ्या नावापुढे नवऱ्याचं नाव आणि त्याचं आडनाव. अब्बा कुठेच नव्हते. मोबाइल नवऱ्याच्या हातात दिला, तोही गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून परत गेले. उत्तर मिळालं, "लग्नानंतर सगळ्यांचं असंच करतो." दुसऱ्या खेपेला सर्व्हर बंद. तिसऱ्या खेपेला म्हणे, "जुनं नाव हवं तर राजपत्र आणा." नाव मी बदललंच नव्हतं, मग राजपत्रात काय छापू? तिथे उभ्या उभ्या रडू आलं. तेवढ्यात बँकेने केवायसी अडवलं, कारण पॅनवर एक नाव, आधारवर दुसरं. पॅन कार्डावर लग्न झालेल्या बाईच्याही बापाचं किंवा आईचं नाव असतं, नवऱ्याचं नाही, हे मी त्या मुलाला कार्ड समोर धरून दाखवलं. त्याने मान वर केली नाही.

शेवटी आधारच्या मदतक्रमांकावर, १९४७ वर, फोन करून तक्रार नोंदवली आणि दुसऱ्या केंद्राची वेळ घेतली. तिथल्या बाईंनी माझा पासपोर्ट आणि जुन्या आधारची प्रिंट शेजारी शेजारी ठेवली, अक्षर न् अक्षर जुळवलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. "वाचा. मराठीतलंही वाचा." मराठीत अब्बांच्या नावाची वेलांटी चुकली होती, ती त्यांनी माझ्यासमोर सुधारली. बारा दिवसांनी नाव परत आलं. अम्मीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

आधारवर नाव साधारणपणे दोनदाच बदलता येतं. माझी पहिली संधी त्या मुलाच्या सवयीने गेली, दुसरी ती चूक निस्तरण्यात, याचा राग अजून आहे. म्हणून पत्ता बदलायला जाल तेव्हा "नावाला हात लावू नका" असं आधीच ठणकावून सांगा. पासपोर्टचं मात्र सोपं आहे: लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती नाही, आणि लग्नाचा दाखला जोडण्याची अट २०१६ च्या शेवटीच काढली आहे. माझा पासपोर्ट जुन्या नावाचा होता, म्हणूनच सुटले.

आणि हे मला फार उशिरा कळलं, की पत्ता घरबसल्याही बदलतो. नवऱ्याला कुटुंबप्रमुख दाखवून ऑनलाइन अर्ज करायचा, नात्याचा पुरावा जोडायचा, आणि त्याने ३० दिवसांच्या आत आपल्या लॉगिनवरून मंजुरी द्यायची. त्यात नावाच्या रकान्याला कुणाचा हात लागत नाही.